पायाखालचा पत्रा

डेट्रॉइट शहराच्या पोटात मीठ आहे. सुमारे 1200 फूट खाली मिठाचे जाड थर पसरले आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी या भागात उथळ समुद्र होता. तो आटला आणि मागे मीठ राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर खाण सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. तिथलं मीठ आता कुणाच्या ताटात येत नाही. ते हिवाळ्यात रस्त्यांवर पडतं. ज्या शहरानं जगाला मोटारी दिल्या, त्याच शहराखालचं मीठ त्या मोटारींचे पत्रे खातं.

रस्त्यावर मीठ टाकायची चाल तशी जुनी नाही. न्यू हॅम्पशायर राज्यानं 1940-41 च्या हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी सरसकट मीठ वापरायला सुरुवात केली. त्याआधी मुख्यतः वाळू, राख आणि फावडी यांवर भागत असे. युद्ध संपलं, घरोघरी मोटारी आल्या, 1956 च्या कायद्यानं आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणायला घेतलं, आणि हिवाळ्यातही रस्ता काळा दिसलाच पाहिजे अशी लोकांची अपेक्षा झाली. आज अमेरिकेच्या रस्त्यांवर वर्षाला सुमारे 2 कोटी टन मीठ पडतं. गंजामुळे देशाचं किती नुकसान होतं याचा एक मोठा सरकारी अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकट्या मोटारींच्या खात्यावर वर्षाला 2340 कोटी डॉलर मांडले होते.

मिठानं पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. योग्य प्रमाणातलं खारं पाणी उणे 21 अंशांपर्यंत पातळ राहतं. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र उणे नऊ-दहाच्या खाली साध्या मिठाचा जोर ओसरतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. हे दोन्ही क्षार हवेतली ओल ओढून घेतात. त्यामुळे ऊन पडून रस्ता कोरडा झाला तरी गाडीच्या पोटाला चिकटलेला चिखल ओलाच राहतो, आणि ओल्या खाऱ्या चिखलाखाली लोखंडाचा गंज थांबत नाही.

शेतकऱ्याची गाडी

या मिठाचा सगळ्यात मोठा मार खाल्ला तो पिकअप ट्रकांनी. पुढे दोन-तीन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. सुरुवातीला अमेरिकेतले शेतकरी साधी मोटार घेऊन तिच्या मागच्या बाजूला स्वतःच लाकडी खोका ठोकून घेत. एप्रिल 1925 मध्ये फोर्डनं मॉडेल टी ला कारखान्यातच पत्र्याचा हौदा बसवून ती गाडी 281 डॉलरला विकायला काढली. 1947 मध्ये शेव्हर्लेनं गोलसर अंगाची नवी मालिका आणली. ती 1955 पर्यंत चालली. आज गावोगावच्या जत्रांमध्ये आणि सिनेमांमध्ये जो गुबगुबीत जुना ट्रक दिसतो, तो बहुधा हाच असतो. त्यानंतरचा लाडका वाण म्हणजे 1967 ते 1972 च्या दरम्यान बनलेला सी-10. सरळ रेषा, रुंद बोनेट, आत एकसंध बाक. मिशिगनमधल्या फ्लिंटच्या कारखान्यातही हे ट्रक बनत.

हे ट्रक कामासाठीच घेतलेले. त्यांनी गवताच्या गासड्या वाहिल्या, सिमेंट वाहिलं, बर्फात नांगर लावून रस्ते साफ केले. त्यांना गॅरेजचं छप्पर क्वचितच मिळालं. पन्नास वर्षांनी नातवाला आजोबांचा ट्रक गोठ्यामागे सापडतो. इंजिन थोड्या खटपटीनं सुरू होतं, रंगही बाहेरून बरा दिसतो. मग तो दार उघडून आत पाय ठेवतो आणि पाय थेट जमिनीला लागतो.

गंज कुठून शिरतो

केबिनचा तळ म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा पत्रा. त्याला ताठपणा यावा म्हणून दाबयंत्रानं लांब नाळी उठवलेल्या असतात. खाली पेटीसारखे आधार, आणि आधारांखाली रबरी गाद्यांवर ही सगळी केबिन चासीला बोल्टांनी जखडलेली. दाराखाली दोन्ही बाजूंना बंद पेटीसारखा उंबरा असतो. अमेरिकेत त्याला रॉकर म्हणतात. हे सगळे भाग एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंगनं जोडलेले असतात. दोन टिपक्यांच्या मध्ये दोन पत्र्यांत केसाएवढी फट राहते. त्या काळी आजच्यासारखा जस्ताचा लेप दिलेला पत्रा वापरत नसत, आणि बंद पेटीच्या आतपर्यंत प्राइमर पोचत नसे.

फटीतल्या पाण्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. उघड्यावरच्या थेंबाला हवा मिळते. फटीत खोल गेलेल्या पाण्याला ऑक्सिजन कमी मिळतो. या फरकामुळे एकाच पत्र्यावर बारीकशी विजेची घटमाला तयार होते, आणि जिथे ऑक्सिजन कमी तिथलं लोखंड विरघळत जातं. मिठामुळे पाणी वीज चांगली वाहून नेतं, म्हणून हे काम वेगानं होतं. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा व्यापतो. फटीत साठलेला गंज दोन्ही पत्र्यांना पाचरीसारखा फाकवतो, फट रुंदावते, आणखी पाणी शिरतं. म्हणून असा तळ वरून शाबूत दिसला तरी जोडाजवळ पोकळ झालेला असतो.

आणि सगळा दोष रस्त्यावरच्या मिठाचा नाही. बरंचसं कुजणं वरून होतं. सी-10 मध्ये काचेच्या बुडाशी हवा आत घेण्याच्या जाळ्या आहेत. झाडाखाली उभ्या ट्रकच्या त्या जाळ्यांतून पानं, पाइनच्या सुया, धूळ आत पडते आणि पायांच्या दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत जाऊन बसते. पाणी निघून जायला ठेवलेली वाट पाचोळ्यानं बुजते. पाऊस पडला की कप्प्यात पाणी तुंबतं, कप्पा कुजतो, पाणी उंबऱ्यात आणि तळावर उतरतं. त्यात काचेचं रबर वाळलेलं, हीटर गळका, आणि बुटांना चिकटून आलेला खारा बर्फ. तळावर रबरी चटई, चटईखाली तागाचा जाड थर. तो एकदा भिजला की आठवडेच्या आठवडे वाळत नाही. ड्रायव्हरला पाय गरम राहावेत म्हणून घातलेला थरच पत्र्याला ओला ठेवतो.

1947 ते 1955 च्या ट्रकांत आणखी एक भर होती. त्यांची बॅटरी शेजारच्या माणसाच्या पायाखाली, तळाच्या झाकणाखाली बसवलेली असे. बॅटरीतून सांडलेलं आम्ल आणि उडालेली वाफ यांमुळे त्या बाजूचा पत्रा इतरांच्या आधी जाई. ड्रायव्हरच्या बाजूलाही ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला तेल घालण्यासाठी तळात भोक ठेवलेलं. आतून सगळं हाताशी यावं म्हणून केलेली ही सोय होती. तीच पाण्याची वाट झाली.

पेचकस आधी, ग्राइंडर नंतर

फ्लिंटच्या बाहेरच्या एका छोट्या गॅरेजात 1970 च्या सी-10 च्या तळाचं काम चाललेलं पाहायला मिळालं. तिथला डेंटर साठी ओलांडलेला, मोजकंच बोलणारा. त्यानं पहिल्यांदा हातात घेतलं ते पेचकस. त्याच्या मुठीनं तो तळावर ठोकत गेला. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला भद्द. भद्द वाजला की तो पेचकसाचं टोक दाबे, आणि टोक आत गेलं की खडूनं खूण करी. "डोळ्याला दिसतो तो गंज मी मोजतच नाही," तो म्हणाला. "पेचकस थांबेल तिथे माझं काम सुरू होतं."

चटई निघाली तेव्हा खाली आधीच्या मालकांचा इतिहास निघाला. छपराला लावतात तसलं डांबर, त्याखाली काचतंतूंचा राळेत भिजवलेला थर, त्याखाली रिव्हेट मारलेली रस्त्यावरची ॲल्युमिनियमची जुनी पाटी. उंबऱ्यात फुगणारा फोम भरलेला. यातला प्रत्येक उपाय भोक झाकतो आणि ओल आत कोंडतो. ॲल्युमिनियम आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की झीज आणखी वाढते. फोम तर ओल धरून ठेवतो आणि वेल्डिंगच्या वेळी पेट घेतो.

कापायच्या आधीची तयारी कापण्यापेक्षा मोठी असते. बाक काढायचा, चटई आणि ताग काढायचा, वायरिंग बाजूला घ्यायचं, बॅटरी सोडायची. आणि सगळ्यात आधी पेट्रोलची टाकी. या ट्रकांची टाकी 1972 पर्यंत केबिनच्या आत, बाकाच्या मागे उभी असे. 1973 च्या नव्या रचनेत ती बाहेर चासीकडे गेली. टाकी रिकामी केली तरी तिच्यातली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. म्हणून ती उतरवून गॅरेजबाहेर नेल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही, हा तिथला पहिला नियम.

दुसरा नियम मापाचा. तळ आणि उंबरे मिळूनच केबिनचा आकार धरून ठेवतात. दोन्ही एकदम कापले तर केबिन दबते किंवा फाकते, आणि काम संपल्यावर दार लागत नाही. म्हणून दाराच्या चौकटीत चौकोनी नळ्यांचे आडवे-तिरपे टेकू वेल्ड करतात. दार लावून चारी बाजूंच्या फटी मोजतात, आकडे लिहून ठेवतात. केबिन चासीवरच ठेवून एका वेळी एकच बाजू उघडतात. आधी खालचे आधार, मग उंबऱ्याचा आतला पत्रा, मग तळ, आणि शेवटी उंबऱ्याचा बाहेरचा पत्रा. प्रत्येक टप्प्याला दार पुन्हा लावून पाहायचं.

टाका धरेल असा पत्रा

कापताना बारीक चकतीचं ग्राइंडर चालतं. जिथे मूळ जोड सुटे करायचे तिथे स्पॉट वेल्डचे टिपके खास कटरनं एकेक करून उकरतात, म्हणजे खालचा चांगला पत्रा वाचतो. कुठवर कापायचं, हा सगळ्या कामातला खरा प्रश्न. मोह असा असतो की भोकापुरतं कापावं आणि ठिगळ लावावं. पण विरलेल्या कापडाला नवं ठिगळ लावलं तर शिवणीपाशीच फाटतं; टाका धरायला मूळ कापडात जीव लागतो. पत्र्याचंही तसंच. गंजानं अर्धा झालेला पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेनं वितळून उडून जातो आणि भोक वाढतच राहतं. म्हणून खरवडल्यावर पांढरं, पूर्ण जाडीचं लोखंड लागेपर्यंत मागे जावं लागतं, मग ते हातभर का होईना.

या ट्रकांसाठी तयार तळ विकत मिळतात. अख्खा तळ, अर्धा तळ, फक्त पाय ठेवायची बाजू, उंबरे, केबिनचे मागचे कोपरे, सगळं. बरेचसे तैवानमध्ये दाबून येतात. ते जसेच्या तसे क्वचितच बसतात. कुठे कड वाकवावी लागते, कुठे भोक सरकवावं लागतं. साधा सपाट तुकडा हवा असेल तर 18 गेजचा पत्रा घेऊन त्यावर नाळ उठवणारं यंत्र फिरवतात. नाळी दिसण्यासाठी नसतात. सपाट पत्रा पायाखाली ढोलासारखा वाजतो आणि हलून हलून जोडापाशी तडकतो.

जोडायला मिग वेल्डिंग, आपल्याकडच्या गॅरेजांत ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात त्याच कुळातलं. तार बारीक, 0.6 मिलिमीटरची, वायू 75 टक्के आर्गॉन आणि 25 टक्के कार्बन डायऑक्साइड. पातळ पत्र्यावर सलग रेघ ओढायची नाही. इथे एक टाका, मग वीतभर लांब दुसरा, मग पुन्हा विरुद्ध टोकाला तिसरा. हात लावण्याइतका गार झाला की मधल्या जागा भरायच्या. घाई केली की पत्रा तापून लाटा घेतो आणि त्या लाटा पुन्हा सरळ करायला वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ जातो. जिथे कारखान्याचे स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला आठ मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डनं भरतात; जोड मूळच्यासारखा दिसतो आणि तितकाच धरतो. जे दोन पत्रे एकमेकांवर बसतील त्यांच्यामध्ये आधीच जस्ताचं प्राइमर मारायचं, कारण जोडल्यानंतर तिथे ब्रश पोचणार नाही.

वेल्डिंगच्या वेळी एक माणूस नुसता पाहायला बसवलेला होता. त्याच्याजवळ पाण्याची बादली, ओली फडकी आणि अग्निशामक. ठिणगी केबिनच्या खाली कुठल्या डांबराच्या थरात जाऊन बसेल ते वेल्डरला मुखवट्यातून दिसत नाही. जस्ताचा लेप असलेला पत्रा वेल्ड करताना लेप आधी घासून काढावा लागतो. नाहीतर त्याच्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप भरतो. पत्रा पुसायला क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर तर वापरायचाच नाही. त्याचा अंश राहिला आणि त्यावर वेल्डिंगचा झोत पडला, तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

नंतरचं काम कंटाळवाणं, म्हणून बहुतेक वेळा इथेच चोरी होते. वेल्ड घासून सपाट करायचे, उघड्या लोखंडावर इपॉक्सी प्राइमर, प्रत्येक जोडावर वरून आणि खालून सीलर, मग रंग, मग खालच्या बाजूला जाड लेप. बंद उंबऱ्यात लांब नळीनं मेण फवारायचं. ते पातळ असतं, फटीत शिरतं आणि तिथेच थिजतं. हे सगळं करताना पाणी निघून जायची भोकं बुजवायची नाहीत. आणि मग पुन्हा वर जाऊन जाळ्यांखालचे कप्पे साफ करायचे, काचेचं रबर बदलायचं, हीटर तपासायचा. त्या डेंटरनं हे काम तळ कापायच्या आधीच उरकलं होतं. नळीनं पाणी मारून, आत कुठे गळतं ते खडूनं टिपून, मगच त्यानं ग्राइंडर हाती घेतलं.

न दिसणाऱ्या कामाची किंमत

तयार पत्रा त्या मानानं स्वस्त आहे. महाग आहे ती मजुरी. त्यामुळे अनेक मालक दुसरी वाट धरतात. ॲरिझोना किंवा कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या भागात रस्त्यावर मीठ पडत नाही. तिथली गंज नसलेली अख्खी केबिन आणून चासीवर बसवतात. हिशेबानं ते सोपं पडतं. पण गाडीच्या ओळख क्रमांकाची पट्टी ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर, म्हणजे केबिनवरच असते. ती काढून दुसऱ्या केबिनवर चढवणं हा अमेरिकेत केंद्रीय कायद्यानं गुन्हा ठरू शकतो, म्हणून कागदपत्रांचा विचार आधी करावा लागतो. आणि आजोबांचा ट्रक ज्याला हवा असतो, त्याला बहुतेक वेळा आजोबांचीच केबिन हवी असते.

दर ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या उपनगरांतल्या वुडवर्ड मार्गावर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. 1995 पासून तो चालू आहे. रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलेले हजारो लोक रंग पाहतात, चाकं पाहतात, इंजिनाचा आवाज ऐकतात. तळ कुणी पाहत नाही; त्यावर गालिचा असतो. ज्या कामात सगळ्यात जास्त तास गेले, तेच काम सगळ्यात आधी झाकलं जातं. त्यामुळे या धंद्यात फसवणुकीला भरपूर वाव आहे, आणि प्रामाणिक कारागिराची कसोटीही इथेच लागते. हे काम शिकवणाऱ्या जागा फार नाहीत. कॅन्सस राज्यातलं मॅकफर्सन कॉलेज जुन्या मोटारींच्या पुनरुद्धारात चार वर्षांची पदवी देतं. बाकीचे लोक गॅरेजातच शिकतात, दुसऱ्याच्या वाईट कामावर हात मारत.

मुंबईकरांना शेव्हर्लेचं नाव नवं नाही. शेव्हर्लेची मालक कंपनी जनरल मोटर्सनं 1928 मध्येच शिवडीला मोटारी आणि ट्रक जोडायचा कारखाना काढला होता. तो 1950 च्या दशकात बंद झाला. त्या काळातले ट्रक आता क्वचितच उरले आहेत. पण कोकणपट्टीत किंवा गोव्यात जुनी जीप बाळगणाऱ्याला या लेखातली कुठलीच गोष्ट परकी वाटणार नाही. तिथे बर्फ नाही, पण समुद्राची खारी हवा बाराही महिने आहे आणि चार महिने पाऊस. पायाखाली रबरी चटई तीच, चटईखालची ओल तीच. आपल्याकडचा डेंटर वाईट नाही. त्याचा हात अनेकदा अमेरिकी कारागिराच्या तोडीचा असतो. पण गिऱ्हाईक घाईत असतं, त्याला गाडी गणपतीपूर्वी चकचकीत हवी असते, आणि मग कुजलेल्या पत्र्यावर पत्रा, त्यावर लांबी, त्यावर रंग. त्यातच अजून काही ठिकाणी गॅस वेल्डिंग वापरतात. त्याची उष्णता पसरते आणि पातळ पत्रा वेडावाकडा होतो. दोन पावसाळ्यांत फुगवटे येतात आणि गिऱ्हाईक डेंटरला शिव्या देतं.

तेव्हा जुनी गाडी घेणार असाल तर रंग पाहण्याआधी चटई उचला आणि पेचकसाची मूठ तळावर ठोकून पाहा. घरात गाडी असेल तर पावसाळ्याआधी काचेखालच्या जाळ्यांतला पाचोळा काढा, उंबऱ्याची आणि दारांची भोकं मोकळी करा, भिजलेली चटई उन्हात टाका. तळाचं काम काढलंच तर आधी पाणी कुठून येतं ते शोधायला सांगा. ती वाट बंद झाल्याशिवाय नवा पत्रा घालण्यात अर्थ नाही. आणि डेंटरला एक अट आधीच घाला: कापलेला गंजका पत्रा आणि घासलेलं कोरं लोखंड, दोन्ही दाखवल्याशिवाय लांबी भरायची नाही. जो कारागीर हे आनंदानं मान्य करेल, त्याला मागेल ती मजुरी द्या.